गणित तोंडात की डोळ्यांत

अण्णा,

गेल्या आठवड्यात तुमच्या नातीनं मला जेवणाच्या टेबलाशी बसवलं आणि सांगितलं, तोंडानं सारखं ‘यल्ला, यल्ला’ म्हणत राहायचं, मध्ये थांबायचं नाही, आणि त्याच वेळी ती दाखवेल ती गणितं मनात करून उत्तरं कागदावर लिहायची. यल्ला म्हणजे चला, आटपा. इथं दुबईत हा शब्द ड्रायव्हरपासून साहेबापर्यंत सगळ्यांच्या तोंडी असतो, तेव्हा म्हणायला अवघड असं त्यात काही नव्हतं. ही नात तुम्ही पाहिलेली नाही. ती इथल्या विद्यापीठात मानसशास्त्र शिकते, दुसऱ्या वर्षाला आहे. मोठी माणसं मनातल्या मनात हिशेब करतात तेव्हा आत नेमकं काय चालतं, आणि बायकांचं नि पुरुषांचं त्यात काही वेगळं असतं का, असा तिला प्रकल्प दिलाय. प्रकल्पाला माणसं लागतात आणि आईबाप फुकट मिळतात. मी हसतच बसले. तेरा गुणिले सात, असं पहिलंच गणित होतं. अण्णा, मला तेरा साते आलं नाही. यल्ला यल्ला म्हणत मी त्या आकड्यांकडे बघत राहिले आणि डोक्यात नुसतं पांढरं. तेरा एके तेरा म्हणून सुरुवात करायला जावं तर जीभ यल्लामध्ये गुंतलेली, आणि दुसरी जीभ देवानं दिलेली नाही. शेवटी यल्ला सोडून मी ‘तेरा साते एक्क्याण्णव’ असं मोठ्यांदा म्हटलं, तर लेक म्हणाली, ‘आई, यू स्टॉप्ड. दॅट्स अ फेल.’ मला गणितात नापास होताना तुम्ही कधी पाहिलं नव्हतंत, म्हणून कळवते.

मग तिच्या बाबांची पाळी आली. हे इथल्या मरीना भागात एका विमा कंपनीच्या ऑफिसात आहेत, आणि घरी कसलाही हिशेब करायची वेळ आली की मोबाइल काढतात, त्यामुळे माझी खात्री होती की हे माझ्याआधी गारद होणार. पण हे यल्ला यल्ला म्हणत, एका हातानं चकली खात, सगळी गणितं बरोबर करून मोकळे झाले. दुसऱ्या फेरीत लेकीनं बोलणं बंद करायला लावलं आणि टेबलाचे चार कोपरे ती सांगेल त्या क्रमानं बोटानं ठोकत राहायला सांगितलं, गणितं तशीच मनात. ते मला काहीच अवघड गेलं नाही. कोपरे ठोकत ठोकत मी मनात पाढे म्हटले आणि खलास. ह्यांचा मात्र पार विचका झाला. एक तर कोपरा चुकायचा, नाहीतर उत्तर. ह्यांनीच मग सांगितलं, की आकडे ह्यांना दिसतात, एका लांब पट्टीवर ओळीनं उभे असल्यासारखे, आणि बेरीज करायची म्हणजे हे त्या पट्टीवरून पुढे चालत जातात. कोपऱ्यांकडे लक्ष गेलं की पट्टी पुसली जाते. इतकी वर्षं ज्या माणसाबरोबर संसार केला त्याच्या डोक्यात अशी पट्टी आहे हे मला ठाऊकच नव्हतं. ह्यांनी विचारलं, तुला काय दिसतं? मी म्हटलं, मला काही दिसत नाही, मी म्हणते. म्हणजे काय म्हणतेस? पाढे म्हणते. अजून? असं विचारून हे इतके हसले की मला रागच आला. लेक मात्र खूश होती. आई शब्दांनी करते, बाबा नजरेनं करतात, बाई एकीकडे आणि पुरुष दुसरीकडे, तिला पाहिजे होतं तसं नीटनेटकं निघालं. आणि मला तिथंच, चकलीच्या डब्यासमोर, तुमचं वाक्य आठवलं.

मुलींचं गणित तोंडात असतं आणि मुलांचं डोळ्यांत. तुम्ही हे रागानं म्हणाला नव्हतात. धरणाच्या कामावरची आपली ती वसाहत, पाटबंधारे खात्याची पिवळी क्वार्टर्स, आपली दोन खोल्यांची. तुम्ही ओव्हरसियर. संध्याकाळी तुम्ही दादाला घेऊन कालव्याच्या कामावर चक्कर मारायला जाता आणि मी स्वयंपाकघरात आईजवळ परवचा म्हणते, पावकी, निमकी, पाऊणकी, दीडकी, सगळं खणखणीत आवाजात, बाहेरून जाताना तुम्हाला ऐकू आलं पाहिजे असं. तुम्ही दादाला घडीची लाकडी फूटपट्टी आणून दिलीत आणि मला नवं उजळणीचं पुस्तक, कारण आधीचं मी पाठ करून फाडलं होतं. मला ती फूटपट्टी हवी होती. पण मी मागितलीही नाही, तेव्हा त्यावर तुम्हाला आता बोल लावण्यात अर्थ नाही.

त्या दिवशी दादा धावत आला आणि सांगू लागला, की मुरमाचा एक ढीग नुसता बघून त्यानं सात ब्रास म्हणून सांगितलं आणि मोजला तर सातच ब्रास निघाला. तुमची छाती फुगलेली. मी चुलीपुढून विचारलं, लांबी किती, रुंदी किती, उंची किती? तुम्ही गमतीनं सांगितलंत, वीस फूट, दहा फूट, उंची साडेतीन. साडेतीनाला आपण औट म्हणायचो, आता हे माझ्या लेकीला सांगावं लागतं. वीस दाही दोनशे, म्हणजे शंभर घनफुटांना एक या हिशेबानं दोन ब्रास झाले फूटभर उंचीला, आणि बे औट सात. मी कणीक मळता मळता ओठ हलवले आणि सात म्हटलं. तेव्हा तुम्ही हसलात आणि माझ्या डोक्यावर टप्पल मारून ते वाक्य म्हणालात. हिला मापं सांगा, ही बोलून उत्तर काढेल. हा मापं न सांगता बघतो. मला ते इतकं आवडलं होतं, अण्णा. तुम्ही माझ्या गणिताबद्दल काही बोललात याचाच आनंद. त्यात मला कुठं ठेवलंत ते कळायला मला दहावी उजाडावी लागली. मी सिव्हिलच्या डिप्लोमाचा फॉर्म आणला तेव्हा तुम्ही पुन्हा तेच म्हणालात, फक्त या वेळी हसला नाहीत. तुझा तोंडी हिशेब चोख आहे, कॉमर्स कर, साइटवर नजर लागते. मी कॉमर्स केलं. गंमत म्हणजे तेव्हा आई शेजारीच उभी होती, जी वसाहतीतल्या सत्यनारायणाला दीडशे पानांचा भात नुसता हातानं उपसून घालायची आणि तो कधी उरायचा नाही की कमी पडायचा नाही. तिचं गणित कशात होतं हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत, आणि तिनंही विचारलं नाही.

लग्न होऊन इकडे आले. पहिल्या वर्षी सगळ्यांसारखी मीही कोथिंबिरीच्या जुडीचे दिरहॅम रुपयांत करून बघायची, तेही ओठ हलवत, आणि भाजीवाल्याला वाटायचं ही आता घासाघीस करणार. शारजातल्या हमरिया फ्री झोनमध्ये एका फॅब्रिकेशन कंपनीत आधी कागदपत्रं सांभाळायला लागले. पोलादाच्या टाक्या, प्लॅटफॉर्म, जिने असलं आम्ही करतो. हळूहळू एस्टिमेशनमध्ये शिरले, म्हणजे ड्रॉइंग बघून माल किती लागेल, वजन किती होईल ते काढायचं. कुणी शिकवलं नाही, पण वजन म्हणजे शेवटी लांबी, रुंदी, जाडी आणि एक ठरलेला आकडा, आणि मापं सांगितली की मी बोलून काढते, हे तुम्ही सांगूनच ठेवलं होतं. आता आमचे एस्टिमेशनचे हेड कायमचे गोव्याला परत चाललेत आणि ती जागा जनरल मॅनेजरनी मला देऊ केली आहे. केरळचे आहेत, भला माणूस. पण त्यांनी एक गोष्ट स्पष्ट सांगितली. म्हणाले, ‘मॅडम, डेस्क पे तो आप बेस्ट हो. लेकिन यार्ड में क्लायंट के साथ खड़े रहके, माल देखके, वहीं के वहीं बोलना पड़ेगा.’ म्हणजे क्लायंट समोर उभा, प्लेटा नि पाइप पडलेले, आणि तो विचारणार, यात किती टन? गोव्याचे साहेब डोळे बारीक करून बघायचे आणि आकडा टाकायचे. माझ्या तोंडून ‘इन्शाल्ला’ निघालं. इथं इन्शाल्लाचा अर्थ होही होतो, नाहीही होतो आणि बघू नंतर असाही होतो, त्यामुळे त्यांनी सोमवारी नक्की सांगा म्हटलं. घरी येईपर्यंत माझं ठरलं होतं की नाही म्हणायचं. क्लायंटसमोर ओठ हलवत उभं राहायची मला लाज वाटते, आणि बघून मला येत नाही. माझं गणित डोळ्यांत नाही, हे मी तुमच्याकडून ऐकलेलं आहे.

लेकीचा प्रकल्प नेमका त्याच आठवड्यात निघाला. मी तिला तुमचं वाक्य सांगितलं, तर तिला ते भलतंच पसंत पडलं. ते इंग्रजीत करून प्रकल्पाच्या सुरुवातीला घालते म्हणाली, आजोबांनी डेटा नसताना ओळखलं म्हणून. मला आधी बरं वाटलं आणि मग ते नको वाटायला लागलं. ते वाक्य माझ्यापाशी संपलं असतं तर एक वेळ चाललं असतं, पण ते तिच्या कागदावर, तिच्या नावाखाली जाणार होतं. मी विचारलं, तुम्हाला शिकवणाऱ्या बाई काय म्हणतात यावर? तर म्हणे बाई म्हणतात, यावर एकमत नाही, कुणाला फरक सापडतो, कुणाला सापडत नाही, आणि सापडला तरी तो जन्माचा की शिकवण्याचा यावर पुन्हा वाद. हे ऐकून माझा काही उलगडा होईना. मग तिला आणखी एक पुरुष हवा होता, म्हणून शनिवारी सकाळी आम्ही दादाला व्हिडिओ कॉल लावला. इथं चालतं त्या एका ॲपवर, दर मिनिटाला दादाचा चेहरा गोठत होता. दादा आता पुण्यात असतो, बांधकामाची कंत्राटं मुलाच्या हाती देऊन घरी बसलाय. तुमच्या डोळ्यांतल्या गणिताचा वारस म्हणून मी त्याची लेकीशी ओळख नव्यानं करून दिली.

दादा यल्ला यल्ला म्हणायला लागला. पहिलंच गणित. अण्णा, दादा माझ्यासारखाच अडकला. आधी वाटलं नेट गेलं, चेहरा पुन्हा गोठला असेल. पण तोंड चालू होतं, यल्ला यल्ला येत होतं, आणि डोळे कुठंतरी वर लागले होते. दुसरं गणित, तेच. तिसऱ्याला तो यल्ला म्हणायचा थांबला आणि म्हणाला, नाही जमत गं पोरी. मग कोपऱ्यांची परीक्षा घेतली तर त्यात पैकीच्या पैकी, माझ्यासारखाच. लेक गोंधळून कधी माझ्याकडे, कधी स्क्रीनकडे बघायला लागली. मी विचारलं, दादा, तुला दिसतं ना सगळं? त्यानं फोन तोंडाजवळ घेतला. मग म्हणाला, ‘मीपण म्हणतोच गं. घशात म्हणतो, ओठ मिटून. लहानपणी एकदा कालव्यावर ओठ हलले तर अण्णांनी फूटपट्टी आडवी धरून ओठांवर ठेवली. म्हणाले, बायकांसारखा काय पुटपुटतोस, मजूर बघतायत.’ मी म्हटलं, आणि तो सात ब्रासचा ढीग? तो हसला. तुम्ही मुकादमाशी बोलत होता तेवढ्यात त्यानं पावलं टाकून लांबी-रुंदी घेतली होती, उंची आपल्या छातीला लावून बघितली होती, आणि मग तुम्ही विचारल्यावर नुसतं बघत उभा राहिला, घशात औटकी म्हणत. तुम्ही इतके खूश झालात की पुढं सांगायची सोयच राहिली नाही. सगळं आयुष्य असंच काढलं म्हणाला, आधी गुपचूप पावलं टाकायची आणि मग लोकांसमोर बघायचं.

कॉल संपल्यावर मी गॅसजवळ नुसती उभी राहिले, चहा उकळून उकळून काळा झाला. मला तुमचा राग आला, तो इथं लिहूनच टाकते. माझं गणित तोंडात म्हणून मला साइटवर नेलं नाहीत, आणि ज्याला नेलंत त्याचंही तोंडातच होतं, फक्त त्याचं तोंड मिटवून ठेवलंत. मग फरक कसला होता? पण पुढच्याच क्षणी वाटलं, ह्यांना तर खरंच दिसतं, ह्यांना कुणी फूटपट्टी लावली नव्हती. म्हणजे पुरुषांना दिसत असेलही, आणि आपल्या घरचे पुरुष तेवढे वेगळे असतील. मी लेकीला म्हटलं, तू स्वतः करून बघ. तिनं यल्ला यल्ला म्हणत सगळं बरोबर केलं आणि कोपऱ्यांना तिच्या बाबांसारखी चुकली. तिला आकड्यांचे ठोकळे दिसतात म्हणे, रंगीत, तिच्या इथल्या शाळेत लहानपणी तसले ठोकळे होते. परवचा मी तिला शिकवला नाही. अल मनखूलमधल्या आमच्या बिल्डिंगच्या भिंती पातळ आहेत, शेजारी काय म्हणतील म्हणून. म्हणजे एक बाई तोंडानं, एक बाई डोळ्यांनी, एक पुरुष डोळ्यांनी, एक पुरुष घशानं. मी म्हटलं, आता काय लिहिणार? ती म्हणाली, ‘आई, इट्स ओन्ली फोर पीपल. यू कान्ट से एनीथिंग.’ आणि तुमचं वाक्य तिनं काढून टाकलं. मला वाटलं होतं मला हायसं वाटेल. तसं काही वाटलं नाही. एवढा काळ ज्या भिंतीला पाठ लावून बसले होते ती काढून घेतल्यासारखं झालं. बायकांचं असं असतं म्हणून मला येत नाही, यात एक आराम होता. आता मला येत नाही ते का, आणि मुळात मला येत नाही हे खरं तरी आहे का, ते कळेना.

सोमवारी मी नाही म्हणायलाच गेले. सकाळी सगळं शारजा दुबईकडे लोटत असतं आणि मी उलटी जाते, तेवढाच एक फायदा. जनरल मॅनेजर मीटिंगमध्ये होते म्हणून यार्डात गेले. तिथले फोरमन पेशावरकडचे आहेत, पांढरी दाढी, माझ्या आधीपासून कंपनीत. एक प्लेट क्रेनला लावायची होती आणि तिच्यावरचा नंबर उन्हापावसानं गेला होता. त्यांनी मला हाक मारून वजन विचारलं. लांबी-रुंदी त्यांनीच सांगितली, चार मीटर बाय अडीच, जाडी बारा मिलिमीटर. चार अडीच दहा. दाही बारा एकशेवीस. मीटरभर चौरसाला, मिलिमीटरभर जाडीला आठ किलोला थोडं कमी, तेव्हा एकशेवीस आठे नऊशे साठ, आणि ते थोडं म्हणजे अठरा, ते काढून टाकले. मी म्हटलं, नऊशे बेचाळीस किलो. त्यांनी क्रेनवाल्याला हात केला आणि मग माझ्याकडे वळून, जरा संकोचून विचारलं, ‘मॅडम, एक बात पूछूँ? हर बार वज़न बताने से पहले आप क्या पढ़ती हैं?’

मला कळलंच नाही. मग लक्षात आलं. इतकी वर्षं यार्डातल्या माणसांना वाटत होतं, की मॅडम आकडा सांगण्याआधी ओठातल्या ओठात दुआ म्हणतात. आपल्या देवाची काहीतरी प्रार्थना. फोरमन म्हणाले, इथं कुणी मॅडमनी सांगितलेलं वजन पुन्हा तपासत नाही, जो माणूस देवाचं नाव घेऊन आकडा सांगतो तो खोटा कशाला सांगेल? आणि हे ते इतक्या आदरानं म्हणाले, की ते पाढे आहेत हे माझ्या तोंडून निघेना. मी म्हटलं, हमारे घर में बचपन से सिखाते हैं. हे खोटं नव्हतं. तिथून मी सरळ ऑफिसात गेले आणि जनरल मॅनेजरना हो म्हणून सांगितलं. वर हेही सांगितलं, की क्लायंटसमोर मी टेप लावून माप घेणार आणि तोंडानं म्हणणार, मला नुसतं बघून येत नाही. ते म्हणाले, मॅडम, आकडा बरोबर पाहिजे, तुम्ही गाणं म्हणून काढा नाहीतर नाचून. म्हणजे या गोष्टीला माझ्याशिवाय कुणी काही किंमत देतच नव्हतं, हे बरं की वाईट, तेही मला ठरवता आलेलं नाही.

पण फोरमनच्या त्या प्रश्नापासून माझ्या डोळ्यांपुढून एक गोष्ट हलत नाही, आणि खरं तर तेवढ्यासाठी हे लिहायला बसले. तुमचं शेवटचं आजारपण. मी इथून रजा घेऊन आले होते. दुपारची भेटायची वेळ, खाटेभोवती आत्या, काकू, शेजारचे, सगळे. तुमच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क आणि आत तो थोड्या थोड्या वेळानं वाफेनं पांढरा होत होता, ओठ हलत होते. आत्यानं हात जोडले आणि म्हणाली, बघा, नाम घेतोय. सगळ्यांनी हात जोडले. मी उशापाशी होते, तुमच्या डोळ्यांतलं पाणी पुसायला वाकले आणि मला ऐकू आलं. तीन दीड साडेचार. चार दीड सहा. तुम्ही दीडकी म्हणत होता, अण्णा. ओठ हलवून, सगळ्यांसमोर. साइटवर तुम्ही कायम नाकातोंडावर रुमाल बांधायचात, धुळीसाठी, असं आम्ही समजायचो. धुळीसाठीच असेल. तुमच्याही ओठांवर कुणी कधी काही आडवं धरलं होतं का, हे आता विचारायचं तरी कुणाला? आत्या अजूनही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, की माझा भाऊ नाम घेत घेत गेला, आणि मी तिला खरं काय ते कधी सांगितलं नाही, पुढेही सांगणार नाही. दादालाही नाही. हे पत्र कुठं जायचं नाही म्हणून इथं लिहिते. ‘पाच दीड साडेसात’ म्हणून तुम्ही थांबलात. दम लागला म्हणून थांबलात, की पुढची ओळ मी म्हणावी म्हणून, ते कळेना. मी मास्कजवळ तोंड नेलं आणि हळूच म्हटलं, सहा दीड नऊ. तुम्ही मान हलवलीत. ती बरोबर म्हणून हलवलीत की पुरे म्हणून, ते मला तेव्हा कळलं नाही आणि अजूनही कळलेलं नाही. मी आपली बरोबर म्हणून धरून चालले आहे.